बायनरी स्ट्रिंगची संख्या कशी करायची: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

प्रोग्रॅमच्या हाती ‘१०११’ हा मजकूर (प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्ट्रिंग) आला की त्याच्या लेखी ती चार अक्षरं असतात. त्यांच्यावर गणित करायला गेलात तर भलतंच काही तरी होतं. पायथनमध्ये "१०" + "१" केलं तर उत्तर "१०१" येतं, कारण भाषेने दोन तुकडे एकापुढे एक चिकटवून दिले. या चार अक्षरांमागे अकरा ही संख्या आहे, हे प्रोग्रॅमला आपल्यालाच सांगावं लागतं.

मुंबईत बीएससी आयटीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हा विषय प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये येतो. लॅमिंग्टन रोडवरून सेन्सर आणि बोर्ड घेऊन प्रोजेक्ट करणाऱ्यांना तो आपसूकच भेटतो. बहुतेक जण नेटवर शोधतात, एका ओळीचं तयार फंक्शन सापडतं, उत्तर बरोबर येतं आणि विषय तिथेच संपतो. तयार फंक्शन जरूर वापरा. पण त्या फंक्शनला तीन गोष्टी कळत नाहीत: स्ट्रिंग कोणत्या बाजूने वाचायची, तिच्यात ऋण संख्या दडलेली आहे का, आणि ती मुळात किती अक्षरांची होती. या तीन गोष्टी ठरवणं तुमचं काम आहे, आणि खऱ्या कामातल्या बहुतेक चुका इथेच होतात. म्हणून या लेखात तयार फंक्शन थोडं उशिरा येईल.

एक व्यवहाराची सूचना. इथलं सगळं कोड आणि सगळे अंक देवनागरीत छापले आहेत. एडिटरमध्ये टाइप करताना भाषेचे शब्द आणि अंक नेहमीच्या रोमन कीबोर्डनेच टाइप करा. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये मराठीत ठेवली तरी चालतात; ‘किंमत’, ‘मजकूर’ ही नावं तो बिनतक्रार स्वीकारतो.

पहिली पायरी: कागदावर

द्विमान, म्हणजे बायनरी पद्धतीत प्रत्येक जागेची किंमत उजवीकडच्या जागेच्या दुप्पट असते. उजवीकडून सुरुवात केली तर १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. जिथे एक असेल ती किंमत घ्यायची, जिथे शून्य असेल ती सोडायची. ‘१०११०’ मध्ये १६, ४ आणि २ घेतले, बेरीज २२. शाळेत शिकवतात ती रीत हीच, आणि ती बरोबर आहे.

पण प्रोग्रॅमला दुसरी रीत जास्त सोयीची पडते. डावीकडून एकेक अक्षर वाचायचं. हातात शून्य घेऊन सुरुवात करायची. प्रत्येक अक्षराला आधी हातातली संख्या दुप्पट करायची, मग अक्षर एक असेल तर एक मिळवायचा. ‘१०११०’ साठी हे करून बघा:

१ वाचला: ० × २ + १ = १
० वाचला: १ × २ + ० = २
१ वाचला: २ × २ + १ = ५
१ वाचला: ५ × २ + १ = ११
० वाचला: ११ × २ + ० = २२

दुप्पट का करायचं? नवीन अक्षर उजवीकडे आलं की आधीचं प्रत्येक अक्षर एक घर डावीकडे सरकतं, म्हणजे प्रत्येकाची किंमत दुप्पट होते. दशमान संख्येत ‘४७’ पुढे ३ लिहिला की ४७० + ३ होतात, तोच हिशेब इथे दहाऐवजी दोनने. या रीतीत घातांक काढावा लागत नाही आणि स्ट्रिंग किती लांब आहे हे आधी माहीत असण्याचीही गरज नाही. बिट, म्हणजे हे शून्य-एक, एकेक करून येत असतील, जसे ते सिरियल केबलवरून येतात, तेव्हा ही गोष्ट फार उपयोगी पडते.

ही दुपटीची युक्ती कॉम्प्युटरबरोबर आली असं वाटणं साहजिक आहे, पण ती प्राचीन पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. मराठीच्या तासाला ‘यरतनभजसम’ पाठ केलेलं असेल, तर लघु-गुरूंचे तीन-तीनचे आठ गण आठवत असतील. तीन जागा, प्रत्येकी दोन पर्याय, म्हणून आठ. पिंगल या रचना एका ठरावीक क्रमाने मांडतो: म, य, र, स, त, ज, भ, न. या मांडणीला प्रस्तार म्हणतात. मग तो विचारतो, एखादी रचना दिली तर ती प्रस्तारात कितवी, हे सगळी यादी न लिहिता कसं काढायचं? या प्रश्नाचं नाव उद्दिष्ट. रीत अशी: एकपासून सुरुवात करा, रचना शेवटाकडून उलटी वाचा, लघु आला की दुप्पट करा, गुरू आला की दुप्पट करून एक वजा करा. ज गण घ्या: लघु, गुरू, लघु. शेवटचा लघु, १ चे २. मधला गुरू, ४ वजा १ म्हणजे ३. पहिला लघु, ६. आणि प्रस्तारात ज सहावाच आहे. गुरूला शून्य आणि लघूला एक म्हणा, मोजणी एकऐवजी शून्यापासून सुरू करा, की ही आपल्या वरच्या रीतीचीच आकडेमोड होते. एक फरक मात्र ध्यानात असू द्या: पिंगलाच्या मांडणीत सगळ्यात कमी किमतीची जागा डावीकडे आहे, म्हणून तो उलटं वाचतो. हा फरक पुढे नाट्यगृहात पुन्हा भेटणार आहे.

दुसरी पायरी: लूप स्वतः लिहा

किंमत = ०
फॉर अक्षर इन मजकूर:
    इफ अक्षर == "१":
        किंमत = किंमत * २ + १
    एलिफ अक्षर == "०":
        किंमत = किंमत * २
    एल्स:
        रेझ व्हॅल्यूएरर("चुकीचं अक्षर: " + अक्षर)

शेवटच्या दोन ओळी कृपा करून गाळू नका. नवशिक्यांच्या कोडमध्ये बऱ्याचदा ‘एक असेल तर मिळव, नाही तर सोड’ एवढंच असतं. मग ‘१०२१’ आलं तरी दोनला शून्य समजून प्रोग्रॅम पुढे जातो आणि नऊ असं छातीठोक उत्तर देतो. चुकीचा डेटा जिथे आत आला तिथेच अडवला, तर दुरुस्ती दोन मिनिटांची. तो चार फंक्शन ओलांडून गेला की शोधायला अख्खी संध्याकाळ जाते.

रिकामी स्ट्रिंग आली तर हा लूप एकदाही फिरणार नाही आणि उत्तर शून्य येईल. ‘काहीच आलं नाही’ आणि ‘शून्य आलं’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. सेन्सरची वायर निसटली असेल तर तुम्हाला पहिली बातमी हवी. म्हणून लूपच्या आधी स्ट्रिंग रिकामी आहे का ते तपासा.

सी भाषेत अक्षराचा अंक करायला अक्षरातून '०' हे अक्षर वजा करतात. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की कोडमध्ये रोमन शून्याचा क्रमांक ४८ आणि एकचा ४९, म्हणून ४९ − ४८ = १. दिसायला जादू वाटते, पण आहे साधी वजाबाकी. अट एकच, ते अक्षर खरोखर शून्य किंवा एक आहे हे आधी तपासलेलं असलं पाहिजे.

तिसरी पायरी: आता तयार फंक्शन

पायथनमध्ये इंट("१०११", २). उत्तर ११. स्वल्पविरामानंतरचा दोन म्हणजे पाया, एक घर डावीकडे सरकल्यावर किंमत किती पट होते तो आकडा. तो विसरलात तर पायथन कुरकुर करत नाही, सरळ एक हजार अकरा देतो. या विषयातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. एररच येत नसल्यामुळे ती नजरेतून निसटते.

पायथनचं फंक्शन स्वभावाने कडक आहे, आणि मला ते आवडतं. ‘१०२’ दिलं तर व्हॅल्यूएरर, रिकामी स्ट्रिंग दिली तरी व्हॅल्यूएरर, मध्ये स्पेस असेल तरी व्हॅल्यूएरर. दोन्ही टोकांच्या स्पेस आणि फाइलमधून ओळ वाचताना शेपटाला येणारं नव्या ओळीचं चिन्ह तो स्वतःच काढून टाकतो. पुढे ‘०बी’ हा उपसर्ग असला तरी चालतो. वाचायला सोपं जावं म्हणून ‘१०१०_११००’ असा अंडरस्कोर घातला तर तोही चालतो.

जावास्क्रिप्टमधलं पार्सइंट("१०११", २) बरोबर उत्तर देतं, पण चुकीच्या डेटाशी फार सौम्य वागतं. ते डावीकडून जमेल तेवढं वाचतं आणि न समजणारं अक्षर आलं की तिथे थांबून आतापर्यंतचं उत्तर देतं. ‘१०२’ दिलं तर दोन आल्यावर थांबतं आणि ‘१०’ ची किंमत २ परत करतं. ‘०बी१०१’ दिलं तर बी पाशी थांबून शून्य देतं. दोन्ही वेळा एररचा पत्ता नाही. म्हणून जावास्क्रिप्टमध्ये आधी स्ट्रिंगमध्ये शून्य आणि एक सोडून काही नाही ना, हे रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्राने) तपासा, मगच पार्सइंटला हाक मारा. यादीतल्या प्रत्येक घटकाला एकच फंक्शन लावणारा मॅप चालवताना पार्सइंट नुसतं नावाने देऊ नका. मॅप दुसऱ्या जागी अनुक्रमांक पाठवतो आणि पार्सइंट त्यालाच पाया समजतो. "१", "१०", "११" या यादीची उत्तरं मग १, ‘संख्या नाही’ आणि ३ अशी येतात.

जावामध्ये इंटिजर.पार्सइंट("१०११", २), चुकलं तर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन. सीमध्ये स्ट्रटॉल हे फंक्शन, तिसऱ्या जागी २. त्याच्या दुसऱ्या जागी जो पॉइंटर देता तो वाचन कुठे थांबलं ते दाखवतो. तो स्ट्रिंगच्या शेवटाला पोचला नसेल तर डेटात घोळ आहे असं समजा. एटूआय मात्र या कामाचं नाही, त्याला दशमानच कळतं.

आता मराठी लिहिणाऱ्यांच्या खास कामाची गोष्ट. स्ट्रिंगमधले अंक देवनागरी असतील तर काय? आपल्याकडे फॉर्म भरणारा माणूस मराठी कीबोर्डवरून अंक टाकू शकतो, त्यामुळे हा प्रश्न खरा आहे. पायथनचा इंट आणि जावाचं पार्सइंट देवनागरी अंक सरळ वाचतात, उत्तर अकराच येतं. जावास्क्रिप्ट ‘संख्या नाही’ म्हणतं. सीचं स्ट्रटॉल पहिल्याच अक्षराला अडतं आणि शून्य परत करतं. आणि ४८ वजा करण्याची युक्ती तर पुरती फसते, कारण सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी एकचा क्रमांक २४०७ आहे. ४८ वजा केले की २३५९ उरतात.

चौथी पायरी: कोणत्या बाजूने वाचायचं?

इथे जरा थांबू या.

समजा, दादरच्या शिवाजी मंदिरला प्रयोग आहे आणि तुम्ही लाइट लावणाऱ्यांच्या हाताखाली आहात. डीएमएक्सवर (रंगमंचाच्या दिव्यांना केबलवरून हुकूम देण्याची पद्धत) चालणाऱ्या जुन्या एलईडी पार लाइटच्या पाठीमागे छोट्या डिप स्विचची रांग असते. एका डीएमएक्स केबलवर ५१२ चॅनल असतात आणि आपण त्यातल्या कितव्या चॅनलपासून ऐकायचं, हे त्या लाइटला या स्विचवरून कळतं. पत्त्यासाठी नऊ स्विच. पहिल्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, असं करत नवव्याची २५६.

तुम्ही टॉर्च धरून डावीकडून उजवीकडे वाचलंत, वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य, आणि वहीत लिहिलंत: ‘१०११०००००’. खरा पत्ता १ + ४ + ८ म्हणजे १३. हीच स्ट्रिंग तशीच इंटला दिलीत तर उत्तर २५६ + ६४ + ३२ म्हणजे ३५२. पायथनला दोष नाही. तो सगळ्यात मोठी किंमत डावीकडे धरतो आणि स्विचच्या रांगेत ती उजवीकडे आहे, पिंगलाच्या प्रस्तारासारखी. उपाय सोपा: आधी स्ट्रिंग उलटी करा. पायथनमध्ये मजकूर[::-१] म्हटलं की ‘०००००११०१’ होतं, आणि मग इंट १३ देतो.

म्हणून कुठलीही बायनरी स्ट्रिंग हातात आली की पहिला प्रश्न हा विचारा: सगळ्यात लहान किंमत कोणत्या टोकाला आहे? उत्तर कोडमध्ये मिळत नाही. ते यंत्राच्या माहितीपत्रकात असतं किंवा ज्याने स्ट्रिंग लिहिली त्याच्याकडे असतं. विचारायला लाजू नका.

हेच पत्ते कोणी एक्सेलमध्ये टाकले तर आणखी एक घात होतो. ‘००११०१०००’ हा पत्ता ४ + ८ + ३२ म्हणजे ४४. एक्सेलच्या साध्या चौकटीत टाइप केला की पुढची दोन शून्यं गळतात आणि ‘११०१०००’ उरतं. आता ते उलटं करून वाचलं की ११ येतात. लाइट रंगमंचावर आहे, केबल जोडलेली आहे, पण भलत्याच चॅनलवर कान लावून बसला आहे. एरवी पुढच्या शून्यांना किंमत नसते, पण स्ट्रिंग उलटी करायची असेल तेव्हा तीच शून्यं जागा धरून ठेवतात. चौकट आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या, मगच भरा. लांब स्ट्रिंगला तर ते हवंच, कारण एक्सेल संख्येचे १५ सार्थ अंकच जपतं. सोळा एकांची स्ट्रिंग संख्या म्हणून टाकली तर शेवटचा एक शून्य होऊन बसतो.

पाचवी पायरी: ऋण संख्या

ससून डॉकजवळच्या एखाद्या शीतगृहातल्या गोठवलेल्या मासळीचं तापमान पाठवणारा सेन्सर डोळ्यांसमोर आणा. तो आठ बिटांत पूर्ण अंश पाठवतो आणि स्ट्रिंग येते ‘१११०१११०’. इंट म्हणेल २३८. बर्फाच्या खोलीत २३८ अंश?

यंत्रं ऋण संख्या बहुधा टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने लिहितात. त्यात सगळ्यात डावीकडच्या बिटची किंमत ऋण असते: आठ बिटांत +१२८ ऐवजी −१२८. म्हणून नियम असा: पहिला बिट एक असेल तर आलेल्या उत्तरातून २ चा, जितके बिट तितक्यावा घात वजा करा. आठ बिटांसाठी २५६. २३८ − २५६ = −१८. गोठवलेल्या मालासाठी हे तापमान अगदी शोभतं.

कोडमध्ये:

किंमत = इंट(मजकूर, २)
इफ मजकूर[०] == "१":
    किंमत = किंमत - २ ** लेन(मजकूर)

हे कोड पूर्ण लांबीची स्ट्रिंग आली आहे असं धरून चालतं. पुढची शून्यं कोणी छाटली असतील तर धन संख्याही ऋण ठरेल. एक्सेलचं बिन-टू-डेक फंक्शन हाच नियम दहा बिटांना लावतं: दहा एक दिले तर १०२३ येत नाही, −१ येतं, आणि दहापेक्षा जास्त अक्षरं ते घेतच नाही. अकाउंट्समध्ये एक्सेलवर वाढलेल्या मंडळींना हे उत्तर पाहून धक्का बसतो, पण फंक्शन आपल्या नियमाप्रमाणेच वागत असतं.

सहावी पायरी: फार लांब स्ट्रिंग

पायथनमध्ये काळजी नको, तिथे पूर्णांक हवा तेवढा वाढतो. जावाच्या इंट या संख्याप्रकारात २१४७४८३६४७ पर्यंतच मावतं. ३१ एक चालतील, ३२ एक दिले की एक्सेप्शन. तिथे लाँग हा मोठा प्रकार वापरा. जावास्क्रिप्ट पुन्हा गप्प राहतं: ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे, म्हणजे ५३ बिटांनंतर, शेवटचे अंक चुकू शकतात आणि कोणी सांगत नाही. तिथे स्ट्रिंगपुढे ‘०बी’ जोडून ती बिगइंटला द्या. सीमध्ये स्वतःचा लूप लिहिला असेल तर ओव्हरफ्लो, म्हणजे संख्या मावेनाशी होणं, तुमचं तुम्हालाच तपासावं लागतं.

अपूर्णांक असेल, जसं ‘१०.११’, तर टिंब काढून ‘१०११’ ची किंमत ११ काढा आणि टिंबानंतर दोन अक्षरं होती म्हणून ४ ने भागा: २.७५.

सातवी पायरी: तपासून बघा

फंक्शन लिहून झालं की त्याला मुद्दाम त्रास द्या. "०", "१", "००००१०११", रिकामी स्ट्रिंग, "१०२", मध्ये स्पेस असलेली, शेवटी नवी ओळ असलेली, सगळे एक असलेली आठ अक्षरांची. प्रत्येकासाठी काय यायला हवं ते आधी कागदावर लिहा, मग चालवा. उलट दिशेची तपासणीही करा: पायथनमध्ये फॉरमॅट(११, "०८बी") म्हटलं की ‘००००१०११’ परत मिळतं, आठ घरांसकट. जाऊन परत आल्यावर तीच स्ट्रिंग हाती आली तर लांबी आणि पाया दोन्ही जागेवर आहेत.

आणि सरावासाठी ही स्ट्रिंग घ्या:

१००१००१०१११० १००१०१०००००१ १००१००००००१० १००१००१०११०० १००१००००१०००

इथून तशीच उचलून पायथनमध्ये चिकटवा. तिचा प्रत्येक तुकडा इंट देवनागरीतच वाचेल. तुमचा दुसऱ्या पायरीतला लूप मात्र ती नाकारेल, आणि त्याला ती कशी वाचायला लावायची हा सरावाचा पहिला भाग. दुसरा भाग: स्पेसवर तोडून पाच तुकडे करा, प्रत्येकाची संख्या काढा, ती क्रमांकाचं चिन्ह करणाऱ्या चर या फंक्शनला द्या आणि आलेली चिन्हं जोडा. पहिली संख्या २३५० आली तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. तुकडे पाच असले तरी पडद्यावर तीनच अक्षरांचा शब्द दिसेल, कारण युनिकोडमध्ये उकाराला आणि अनुस्वारालाही स्वतंत्र क्रमांक असतो.